भंडारदऱ्याच्या काठी कुटुंबासह तंबूत दोन रात्री : आखणी कशी करावी

जलाशयाकाठच्या मुक्कामाचा बेत ठरवताना बहुतेक घरांत दिवसाचाच विचार होतो. कुठला धबधबा पाहायचा, नौकाविहार कधी करायचा, जेवायला काय असेल, याची चर्चा आठवडाभर चालते. मात्र अशा सहलीत दिवस फारसे कष्ट न घेताही चांगला जातो. कुटुंबाची परीक्षा होते ती संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंतच्या अकरा तासांत. थंडी, अंधार, दूरचे स्वच्छतागृह, जमिनीवरची निजायची सोय आणि काठावरचे पाणी या पाच गोष्टींशी घरातील सर्वांत वृद्ध आणि सर्वांत लहान व्यक्तीला सामना करावा लागतो. म्हणून हा लेख रात्र डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. भंडारदऱ्याची निवड मी केली, कारण चार वेळा तिथे राहिल्यामुळे तिथले काठ, रस्ते आणि हवा मला माहीत आहे. पवना किंवा अन्य एखाद्या धरणाकाठी जाणाऱ्यांनाही यातील बराचसा भाग उपयोगी पडेल.

आमचा पहिला मुक्काम फसला, तो आधी सांगतो. आम्ही एप्रिलच्या अखेरीस गेलो होतो. आरक्षण करताना पाहिलेल्या छायाचित्रांत तंबूच्या दारापासून दहा पावलांवर निळे पाणी होते. प्रत्यक्षात पाणी खूप खाली गेलेले होते आणि मध्ये भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडला होता. त्याहून त्रासदायक म्हणजे स्वच्छतागृह चढावर होते. गुडघेदुखी असलेल्या माझ्या आईला रात्री दोनदा विजेरीच्या उजेडात तो चढ चढावा लागला. छायाचित्रे खोटी नव्हती, फक्त ती ऑक्टोबरातली होती. आम्ही विचारले नाही आणि कोणी सांगितले नाही.

आधी ऋतू, मग तारीख

भंडारदऱ्याचे धरण म्हणजे प्रवरा नदीवरील विल्सन बंधारा. त्याचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्यामागे पसरलेला जलाशय आर्थर लेक या नावाने ओळखला जातो. हे धरण शेतीसाठी बांधलेले आहे, ही गोष्ट सहल आखणाऱ्याने विसरू नये. पावसाळ्यात जलाशय भरतो आणि नंतर कालव्यांच्या आवर्तनांप्रमाणे, म्हणजे शेतीला पाळीपाळीने सोडल्या जाणाऱ्या पाण्याप्रमाणे, त्याची पातळी उतरत जाते. काठ म्हणून आपण जी रेषा समजतो ती दर महिन्याला सरकत असते. पाण्याजवळ राहायचे असेल तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते जानेवारी हा काळ सर्वांत योग्य आहे.

या काळातही महिन्यामहिन्यांत फरक आहे. ऑक्टोबरात परतीच्या पावसाचे ढग दुपारनंतर अचानक दाटतात आणि विजा कोसळतात. नोव्हेंबरात हवा स्वच्छ असते, गवत अजून हिरवट असते आणि रात्री सोसतील इतक्या थंड असतात. लहान मुले आणि वृद्ध सोबत असतील तर मी नोव्हेंबरच सुचवीन. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली जाते. डोंगरांवरून उतरणारी गार हवा जलाशयाच्या खोलगट भागात साचते, त्यामुळे धरणाजवळच्या शेंडी गावात जाणवणाऱ्या थंडीपेक्षा काठावरची थंडी अधिक बोचते.

जून ते सप्टेंबर या काळात तंबूचा विचार कुटुंबाने करू नये. जलाशयाभोवतीचा घाटघर, रतनवाडी हा पट्टा महाराष्ट्रातील अतिवृष्टीच्या पट्ट्यांपैकी एक आहे. त्या दिवसांत धबधबे पाहायचे असतील तर पक्क्या छताखाली राहून पाहावेत. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस स्थिरावण्यापूर्वी, काजव्यांचा काळ असतो. हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा अशा झाडांवर ते लाखोंनी लुकलुकतात. हे दृश्य मुलांना एकदा तरी दाखवावे असेच आहे. मात्र त्या शनिवार-रविवारी वाहनांची रांग लागते आणि त्यांच्या दिव्यांनी काजव्यांचे मीलन बिघडते. जायचेच असेल तर मधल्या वारी जावे, वाहनाचे दिवे आणि विजेरी बंद ठेवावी आणि रस्ता सोडून गवतात शिरू नये, कारण माद्या आणि अळ्या जमिनीलगत असतात.

महिना ठरला की पंचांग उघडावे. आकाशदर्शन हवे असेल तर अमावास्येच्या आगेमागेचा शनिवार-रविवार घ्यावा. प्रथमच तंबूत राहणारी लहान मुले अंधाराला घाबरत असतील तर पौर्णिमेच्या दोन दिवस आधीची रात्र अधिक सुखाची ठरते, कारण सूर्य मावळताना चंद्र वर आलेला असतो.

तंबू, सुसज्ज तंबू की कॅरव्हॅन

काठावर तीन प्रकारची सोय मिळते. पहिला प्रकार म्हणजे दोन-तीन माणसांचे घुमटाकार लहान तंबू, ज्यांत गादी जमिनीवर असते आणि स्वच्छतागृह सामाईक असते. दुसरा म्हणजे चौथऱ्यावर उभारलेले उंच कापडी तंबू, ज्यांत पलंग, दिवा, पंखा आणि जोडून स्वच्छतागृह असते. यालाच हल्ली ग्लॅम्पिंग म्हणतात. तिसरा प्रकार म्हणजे पक्क्या खोल्या असलेली निवासस्थाने. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान शेंडीजवळ आहे.

घरात साठीपुढचे कोणी असेल किंवा तीन वर्षांखालील मूल असेल तर दुसरा प्रकार घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चैन म्हणून हे मी सांगत नाही. जमिनीवरून उठण्याचे कष्ट, रात्री बाहेर जाण्याचा धोका आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची भीती या तिन्ही अडचणी पलंग आणि जोडलेले स्वच्छतागृह यांमुळे दूर होतात. खर्च आवरायचा असेल तर आजी-आजोबांसाठी एक सुसज्ज तंबू आणि तरुणांसाठी लहान तंबू, अशी विभागणी करता येते. आम्ही दुसऱ्या खेपेस हेच केले आणि आईने तिसऱ्या सहलीची तारीख स्वतः सुचवली.

कॅरव्हॅनविषयीही अलीकडे अनेकजण विचारतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांची संख्या वाढली. ज्येष्ठांसाठी हे वाहन फार सोयीचे असते, कारण पलंग आणि स्वच्छतागृह सतत बरोबर असते. परंतु भंडारदऱ्याला त्याची मर्यादा ओळखावी. शेंडीपर्यंतचा रस्ता मोठ्या वाहनाला चालतो. त्यापुढे मुरशेत, पांजरे किंवा रतनवाडीकडचे रस्ते अरुंद आहेत, वळणे आखूड आहेत, वर फांद्या आणि विजेच्या तारा येतात. काठाकडे उतरणाऱ्या कच्च्या वाटेवर एवढे जड वाहन रुतले तर ते काढायला अर्धा दिवस जातो. म्हणून कॅरव्हॅन शेंडी परिसरात सपाट, कठीण जमिनीवर उभी करावी, चाकांखाली ठोकळे लावावेत आणि काठाची फेरी स्थानिक जीपने करावी.

गाडी ताब्यात घेताना पाण्याच्या टाकीची क्षमता, सांडपाण्याची टाकी कुठे रिकामी करायची, बाहेरून वीज घेण्याची तार किती लांब आहे आणि गॅसची टाकी कुठे बंद होते, हे चालकाकडून प्रत्यक्ष करून दाखवून घ्यावे. गाडी जिथे उभी करायची तिथे वीजजोड मिळेल का, हे निघण्यापूर्वीच फोनवर ठरवावे. स्वच्छतागृहाची टाकी ओढ्यात किंवा जलाशयात कधीही रिकामी करू नये. ते पाणी पुढे गावे पितात.

आरक्षणापूर्वी काय विचारावे

निघण्याच्या चार ते सहा आठवडे आधी मुक्कामाची जागा ठरवावी आणि छायाचित्रांवर विसंबू नये. व्यवस्थापकाला व्हिडिओ कॉल करून, फोन हातात धरून तंबूच्या दारापासून स्वच्छतागृहापर्यंत चालत जायला सांगावे. त्या एका मिनिटात अंतर, चढ, वाटेवरचे दिवे आणि दाराची कडी हे सगळे दिसते. नंतर फोन जलाशयाकडे वळवायला सांगावे, म्हणजे आज पाणी कुठवर आहे ते कळते.

पुढचे प्रश्न असे : पाऊस आला तर जवळ पक्के छत आहे का आणि त्याखाली आपले सगळे कुटुंब मावेल का? रात्रभर जागा राहणारा माणूस आहे का? रुग्णालयात न्यायची वेळ आली तर वाहन तंबूपर्यंत येते का? बाजूला मोठ्या आवाजात गाणी लावणारे गट असतात का आणि ती किती वाजता बंद होतात? ध्वनिक्षेपकाला रात्री दहानंतर कायद्यानेच मनाई आहे. या प्रश्नावर उत्तर देणारा चाचरला तर ती जागा कुटुंबासाठी नाही, असे समजावे. दरात जेवण, शेकोटी, नौकाविहार यांपैकी काय धरले आहे आणि मुलांचा दर कितव्या वर्षापासून लागतो, हे लेखी संदेशात मागून घ्यावे. आगाऊ रक्कम शक्यतो अर्ध्याहून कमी द्यावी.

हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आणि काही भागांत त्याच्या आत आहे. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरावे लागते आणि जंगलात स्वतःहून तंबू ठोकणे किंवा आग पेटवणे चालत नाही. घरचा तंबू न्यायचा असेल तर गावातील एखाद्या कुटुंबाच्या शेतात, त्यांना रीतसर मोबदला देऊन लावावा. मुरशेत, रतनवाडी भागात अशी सोय होते आणि घरची भाकरीही मिळते.

प्रवास आणि पोहोचण्याची वेळ

मुंबई-ठाण्याहून कसारा घाट, इगतपुरी, घोटी, बारी आणि शेंडी असा मार्ग आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाट टाळून इगतपुरीपर्यंत जाता येते. घोटीपासून शेंडी सुमारे ३५ किलोमीटर आहे. पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता आहे. लहान मुलांसह ठाण्याहून चार आणि पुण्याहून पाच तास धरावेत. रेल्वेने येणाऱ्यांनी इगतपुरीला उतरून जीप ठरवावी.

तंबूवर दुपारी चारपूर्वी पोहोचणे हा माझ्या दृष्टीने सगळ्या आखणीतील सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि डोंगरांमुळे सावली त्याआधीच पडते. उजेडात पोहोचले की मुलांना जागा दाखवता येते, पाण्याची कड समजावता येते, अंथरुणे लावता येतात आणि काही उणे असेल तर ते मागून घेता येते. अंधारात पोहोचलेल्या कुटुंबाला जे मिळेल ते मुकाट्याने घ्यावे लागते. इंधन आणि रोख रक्कम यांची सोय घोटी किंवा राजूर येथेच करावी. शेंडीपुढे मोबाइलला सगळीकडे रेंज मिळत नाही, म्हणून नकाशा आधी उतरवून घ्यावा आणि घरी राहिलेल्यांना मुक्कामाचा पत्ता कळवून ठेवावा.

काय न्यावे

सामानाची लांब यादी करण्याचा मोह टाळावा. थंडीसाठी अंगावरच्या पांघरुणापेक्षा अंगाखालचा थर महत्त्वाचा असतो, ही गोष्ट पहिल्या थंड रात्रीपर्यंत कोणाला पटत नाही. जमीन शरीराची ऊब शोषून घेते. गादी पातळ असेल तर तिच्याखाली जाड सतरंजी किंवा फोमची चटई घालावी. प्रत्येकासाठी कानटोपी, लोकरी मोजे आणि निजताना बदलायचे कोरडे कपडे वेगळ्या पिशवीत ठेवावेत, कारण पहाटे दवाने तंबूचे कापड आतूनही ओले होते.

प्रत्येकाला, अगदी पाच वर्षांच्या मुलालाही, स्वतःची विजेरी आणि गळ्यात अडकवलेली शिटी द्यावी. विजेरी डोक्याला बांधता येणारी असेल तर वृद्धांचे हात काठीसाठी मोकळे राहतात. औषधांत रोजच्या गोळ्या दोन दिवस अधिकच्या, ओआरएसची पाकिटे, घाटात मळमळणाऱ्यांसाठी गोळी आणि ज्यांना गरज आहे त्यांचे इन्शुलिन थंड पिशवीत घ्यावे. पिण्याचे पाणी माणशी तीन लिटर बरोबर असले की पहिला दिवस निर्धास्त जातो.

खाण्याचे सामान फार नेऊ नये. अकोले तालुक्यातील महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या घरांत मिळणारी नाचणीची भाकरी, पिठले, ठेचा आणि खुरासणीची चटणी सोडून घरून आणलेले नूडल्स खाणे हे माझ्या मते या भूमीवर अन्याय करणारे आहे. देशी वाणांच्या जतनासाठी २०२० मध्ये पद्मश्रीने गौरवलेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या आहेत. जेवताना मुलांना त्यांच्याविषयी सांगावे, म्हणजे ताटातल्या वालाकडे ती वेगळ्या नजरेने पाहतील.

पाण्याचे नियम

धरणाचे पाणी आणि पोहण्याचा तलाव यांत काही साम्य नाही. इथे तळ एकसारखा उतरत जात नाही. बुडालेली भातखाचरे, बांध, झाडांचे बुंधे आणि नदीचे जुने पात्र पाण्याखाली आहेत. गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकले की माणूस बुडेल इतकी खोली लागू शकते. काठचा गाळ पाय धरून ठेवतो. म्हणून जलाशयात पोहायला उतरायचे नाही, हा नियम निघण्यापूर्वी घरीच सांगावा आणि तो मोठ्यांनाही लागू असावा. मद्य घेतलेल्या माणसाने काठाकडे फिरकूही नये.

पोहोचल्यावर पहिल्या अर्ध्या तासात काठापासून वीस पावलांवर दगडांची ओळ मांडावी किंवा दोरी बांधावी आणि मुलांनी ती मोठ्या माणसाचा हात धरल्याशिवाय ओलांडू नये. मोठ्यांनी तासातासाच्या पाळ्या लावून, कोण लक्ष ठेवणार हे नाव घेऊन ठरवावे. सगळेजण लक्ष ठेवतात असे म्हटले की कोणाचेच लक्ष नसते.

नौकेत चढण्यापूर्वी जमिनीवरच जीवरक्षक जाकीट घालावे आणि त्याचे सगळे पट्टे बांधावेत. मुलाचे जाकीट खांद्यांजवळ धरून वर उचलून पाहावे. ते हनुवटीवर सरकले तर ते मोठे आहे आणि पाण्यात निसटेल. मापाचे जाकीट नसेल तर मुलाला काठावर ठेवावे, त्याच्या रडण्याला भुलू नये. शेंडीहून रतनवाडीकडे नौकेने जाणार असाल तर परतीची फेरी उजेडात पूर्ण होईल अशीच वेळ घ्यावी.

रात्र

शेकोटी नेमून दिलेल्या जागी, तंबूंपासून वाऱ्याच्या खालच्या बाजूस असावी आणि निजण्यापूर्वी तिच्यावर पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत ढवळावी. थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी किंवा बार्बेक्यू तंबूत कधीही घेऊ नये. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस झोपेतच दगावतो. बंद कॅरव्हॅनलाही हेच लागू आहे.

सापांविषयी घाबरवून सोडण्याचे कारण नाही, पण माहिती हवीच. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना तिचे दंश होतात. तिच्या दंशाची वेदना पुष्कळदा जाणवतही नाही. पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळायला त्रास होणे अशी लक्षणे नंतर दिसतात. पहाटे कोणी अशी तक्रार केली तर अपचन म्हणून सोडून देऊ नये. तंबूची चेन कायम बंद ठेवणे, पलंगावर मच्छरदाणी गादीखाली खोचणे, चपला आत ठेवून सकाळी झटकून घालणे आणि अन्नाचा कण तंबूत न ठेवणे, एवढ्या सवयींनी धोका पुष्कळ कमी होतो. दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये. तो अवयव हलू न देता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मुक्कामाच्या वाहनाने थेट रुग्णालय गाठावे. राजूर आणि घोटी येथे ग्रामीण रुग्णालये आहेत. आपल्या तंबूपासून जवळचे कोणते, हे दिवसाच ठरवावे.

बिबट्याचा वावर या डोंगरांत आहे. रात्री मुलांनी एकटे बाहेर जायचे नाही आणि उरलेले अन्न उघड्यावर टाकायचे नाही, कारण खरकट्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

विजांचा कडकडाट सुरू झाला तर तंबू आसरा देत नाही. पक्की इमारत किंवा धातूचे छत असलेली बंद मोटार गाठावी आणि एकट्या झाडाखाली थांबू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे दामिनी हे ॲप ऑक्टोबरात फोनवर असावे.

एवढी काळजी घेतली की उरते ती निखळ रात्र. शहरातल्या मुलांनी असे आकाश पाहिलेले नसते. हिवाळ्यात नऊच्या सुमारास पूर्वेकडे मृग नक्षत्र, त्याच्यावर रोहिणी आणि कृत्तिकांचा पुंजका ही सुरुवात पुरेशी आहे. १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून येणाऱ्या उल्का दिसतात. दुर्बीण नसली तरी चालते. सतरंजीवर उताणे पडून, सगळे दिवे मालवून, डोळ्यांना वीस मिनिटे अंधाराची सवय होऊ द्यावी.

मधला दिवस आणि परतीची सकाळ

दोन रात्री राहिल्यास मधल्या दिवशी जलाशयाची प्रदक्षिणा करावी. मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी असा हा रस्ता आहे. घाटघरच्या कड्यावरून कोकण खाली पसरलेले दिसते. तिथे कठड्याच्या आतच थांबावे. रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर आणि त्याची पुष्करणी सावकाश पाहण्यासारखी आहे. प्रवरा उगम पावते तो रतनगड किल्ला रतनवाडीच्या माथ्यावरच उभा आहे. साम्रदची सांदण दरी लहान मुलांसह उतरू नये, काठावरूनच पाहावी. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर हा स्वतंत्र सहलीचा विषय आहे. त्याला या दोन दिवसांत कोंबल्यास संध्याकाळी सगळेच दमून चिडचिडे होतात.

शेवटच्या सकाळी नाश्त्यापूर्वी कचरा गोळा करावा आणि प्लास्टिक, बाटल्या, ओले रुमाल, डायपर असे सगळे आपल्या गाडीतून शहरात परत न्यावे, कारण गावांत त्याची विल्हेवाट लावण्याची सोय नाही. स्वतःचा तंबू असेल तर दव वाळेपर्यंत, साधारण साडेनऊपर्यंत, तो उन्हात ठेवावा. ओला गुंडाळला तर दोन दिवसांत त्याला बुरशी धरते. रविवारी अकरापूर्वी निघावे. घोटी-इगतपुरीकडे जाणाऱ्यांना दुपारनंतर मुंबईकडे परतणाऱ्यांची गर्दी लागते. पुण्याकडे जाणाऱ्यांनी राजूरच्या वाटेवरचा रंधा धबधबा वीस मिनिटे थांबून पाहावा आणि तिथेही मुलांचा हात सोडू नये.